रातांधळेपणाला गाजराबरोबर जनुकाची तपासणीही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील आरोग्य सदरात रातांधळेपणावरचा मजकूर वाचला. गाजर, पपई, शेवग्याचा पाला, दूध, अंडी खा, रात्रीचे दिसणे सुधारेल, असा त्याचा सारांश. जीवनसत्त्व अ कमी पडल्यामुळे येणाऱ्या रातांधळेपणाबद्दल हे बरोबर आहे. आपल्याकडे बाळाला नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर या जीवनसत्त्वाचा 1 लाख युनिटचा डोस देतात, पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाखांचा. त्या डोसाने कित्येक मुलांचे डोळे वाचले आहेत, म्हणून त्या सल्ल्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. माझे म्हणणे त्या मजकुरात जे आले नाही त्याबद्दल आहे. गाजराने न हलणारा एक दुसरा रातांधळेपणा असतो, तो आईबापाकडून येतो, आणि आमच्या घरात तो निदान तीन पिढ्या आहे.

मी वाळवा तालुक्यातील एका गावात सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. माझे यजमान साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला. गळीत हंगामात रात्रपाळी लागली की त्यांची परीक्षा सुरू व्हायची. काट्याच्या खोलीत ट्यूबलाइटखाली ते पावत्यांवरचे आकडे बिनचूक वाचत; खोलीबाहेर पाऊल टाकले की यार्डात उभी असलेली उसाची ट्रॉली त्यांना दिसत नसे. ट्रॉलीच्या हुकाला धडकून नडग्या फुटलेल्या असायच्या. सोबतचे लोक विचारायचे, रात्रीचे घेऊन येता का? कधी सुपारीच्या खांडालाही न शिवलेल्या माणसाला हे ऐकावे लागले. तेव्हा वय तिशीच्या आतले. पुढे दिवसाही कडेचे दिसेनासे झाले. समोरचा माणूस स्पष्ट दिसे, पण शेजारून येणारी मोटारसायकल अंगावर आल्यावरच कळे.

सासूबाईंचे याहून वाईट झाले, कारण त्या सून होत्या. दिवेलागणीच्या आत धारा काढून, भाकरी थापून त्या मोकळ्या होत. अंधार पडल्यावर गोठ्यात जायचे तर भिंतीला हात लावत जायचे. घरात त्यांना कामचुकार ठरवले गेले. संध्याकाळी हळदीकुंकवाला गेल्या की खाली ठेवलेले ताट न दिसून पाय लागायचा आणि चारचौघींत 'डोळे कुठं ठेवलेत' हे ऐकून घ्यायला लागायचे. त्यांच्या वडिलांचेही तसेच होते. ते दिवस मावळल्यावर रानात थांबत नसत. गावाने यावर उत्तर शोधून ठेवले होते, की माहेरच्या घराण्यात कुणीतरी नांगरताना नाग मारला. सासूबाईंनी त्यासाठी किती नागपंचम्या उपाशी काढल्या ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. गाजराचा रस झाला, माशाच्या तेलाच्या गोळ्या झाल्या, अंजने झाली.

शेवटी मिरजेतील एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी यजमानांच्या डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि मागचा पडदा नीट पाहिला. पडद्याच्या कडेला काळे ठिपके, एकमेकांना जोडलेल्या बारीक फाट्यांसारखे. रक्तवाहिन्या बारीक झालेल्या. डॉक्टर म्हणाले, हा रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, आम्ही आरपी म्हणतो. मग पडद्याची विजेची तपासणी झाली, ईआरजी म्हणतात ती, आणि नजरेच्या पसाऱ्याची, म्हणजे कडेचे किती दिसते याची तपासणी झाली, फील्ड टेस्ट म्हणतात ती. वन्संचीही तपासणी केली, त्यांनाही तेच निघाले. दोघांचे रक्त जनुक-तपासणीला गेले. अहवालात जनुकाचे नाव आले: एसएनआरएनपी200. जनुकातील माहिती ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेली असते; त्यातील 3260 व्या जागी सी या अक्षराच्या ऐवजी टी. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत 1087 व्या क्रमांकावर सेरीन हे अमिनो आम्ल हवे तिथे ल्युसीन आलेले.

हे जनुक काय करते ते मी जनुक-तपासणीचा अहवाल समजावून सांगणाऱ्या समुपदेशकांकडून समजून घेतले आणि वाचनालयातील पुस्तकांशी ताडून पाहिले. आपल्या पेशीत जनुकाची आरएनए प्रत निघते तेव्हा प्रथिनाची माहिती तिच्यात सलग नसते. कामाच्या दोन भागांच्या मधे प्रथिनात न जाणारे लांबलचक तुकडे असतात. ते कापून टाकायचे आणि कामाचे भाग एकमेकांना अचूक जोडायचे, याला स्प्लायसिंग म्हणतात. जनुके अशी तुटक असतात हे 1977 मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या दोन वेगळ्या गटांनी दाखवले आणि दोघांना 1993 चे नोबेल मिळाले. हे कापकाम पेशीत पाच छोटे आरएनए आणि शंभरावर प्रथिने मिळून करतात. त्या पाचांतील यू-6 नावाचा आरएनए प्रत्यक्ष कापण्याच्या कामातला. पण सुरुवातीला यू-4 ने त्याला घट्ट जखडलेले असते, आणि दावे सोडल्याशिवाय बैल जुंपता येत नाही. हे दावे सोडणारे जे विकर, म्हणजे एन्झाइम, ते बनवण्याची माहिती एसएनआरएनपी200 मध्ये असते. दुसऱ्या गुणसूत्रावर हे जनुक आहे. विकर चांगले मोठे, 2136 अमिनो आम्लांचे. पेशीची ऊर्जा, म्हणजे एटीपी, खर्चून ते यू-4 आणि यू-6 यांची वीण उलगडते. 1087 वी जागा याच उलगडणाऱ्या भागात येते. तिथे बदल झाला की वीण नीट आणि वेळेवर सुटत नाही.

मी समुपदेशकांना विचारले होते, हे काम तर हातापायांच्या, यकृताच्या, सगळ्याच पेशींत चालते, मग बिघाड डोळ्यातच का? या जनुकाच्या आपल्यात दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची; एक बिघडली तरी दुसरी चांगली असते, त्यामुळे बाकीच्या शरीराचे भागते, असे त्या म्हणाल्या. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशींवर मात्र कामाचा बोजा विलक्षण असतो. एका डोळ्यात अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशी सुमारे 12 कोटी. प्रत्येक पेशी आपल्या टोकाचा जवळजवळ दहावा हिस्सा रोज टाकून देते आणि तेवढा नवा बनवते. म्हणजे दहाएक दिवसांत सगळे टोक नवे. एवढे प्रथिन रोज बनवायचे तर कापणे-जोडणे सतत आणि बिनचूक व्हायला हवे. तिथे थोडी ढिलाईही कालांतराने त्या पेशींना मारते. दंडपेशी आधी जातात, म्हणून आधी रात्र जाते, मग कडा जातात, आणि मधली नजर बरीच वर्षे टिकते. स्प्लायसिंगच्या यंत्रणेतील आणखीही जनुके याच आजाराला कारण ठरतात: पीआरपीएफ8, पीआरपीएफ31, पीआरपीएफ3. त्यातील पीआरपीएफ31 असे, की बदल अंगात असूनही काहींना आयुष्यभर काही होत नाही आणि आजार एक पिढी ओलांडून आल्यासारखा दिसतो.

हा नेमका 1087 चा बदल 2009 मध्ये चीनमधील एका कुटुंबात प्रथम नोंदला गेला. पुढे तो अमेरिकेतील रुग्णांतही सापडला. मी हे सासूबाईंना सांगितले. नागाची गोष्ट ज्यांच्या कानीही पडलेली नाही अशा लोकांना अगदी तोच आजार, त्याच अक्षरामुळे आहे, एवढेच मला त्यांच्या मनावर ठसवायचे होते. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग तितंबी सुनंलाच बोल लावत्यात व्हय?"

संपादक महोदय, जनुकाचे नाव कळल्याने डोळे बरे होत नाहीत. या जनुकावर आज औषध नाही. अमेरिकेत डिसेंबर 2017 मध्ये मान्यता मिळालेला जनुकोपचार आहे तो आरपीई65 या वेगळ्याच जनुकासाठी, आणि त्याची किंमत तेव्हा एका डोळ्याला सव्वाचार लाख डॉलर जाहीर झाली होती. तरी मी म्हणते, ज्यांना परवडेल आणि ज्यांना हवी असेल त्यांनी ही तपासणी करावी, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना ती सरकारी रुग्णालयात मिळायला हवी. त्याचे कारण आमच्या पुतणीची हकिगत सांगितली की कळेल.

आमचे धाकटे दीर ठणठणीत. त्यांना रात्री दिसते, पडदाही स्वच्छ. पण त्यांच्या मुलीचे जमत आलेले स्थळ मोडले, कारण मुलाकडच्यांना कुणीतरी 'त्या घरात डोळ्यांचा आजार आहे' असे सांगितले. आमच्या घरचा आजार प्रबळ प्रकारचा आहे. एकाच पालकाकडून आलेली एक बदललेली प्रत पुरते. बाधित माणसाच्या प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. ज्याला ती मिळालीच नाही तो पुढे देऊ शकत नाही. घरातील बदल नेमका कुठे आहे हे ठाऊक असल्यामुळे दिरांच्या रक्तात फक्त तेवढी एक जागा तपासायची होती. ती स्वच्छ निघाली. म्हणजे पुतणीला आमच्या घरचा हा आजार नाही आणि तिच्या मुलांनाही तो जाणार नाही. जनुकाचे नाव हाती नसते तर हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकले नसते.

आता याची दुसरी बाजू पाहा. आमच्या भागात मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे. आमच्या नातेवाइकांतही 'नात्यात केले म्हणून डोळे गेले' असे बोलले जाते. आमच्या बाबतीत ते खरे नाही, प्रबळ आजाराला नात्यातील लग्नाची गरज नसते. पण डीएचएक्स38 नावाचे दुसरे जनुक घ्या. तेही स्प्लायसिंगमध्येच काम करणारे, तेही आरएनएची वीण उलगडणारे विकर बनवणारे. 2014 मध्ये पाकिस्तानातील एका कुटुंबात त्यातील बदलामुळे लहान वयातच आरपी झाल्याचे नोंदले गेले, आणि तिथे तो अप्रबळ होता: आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार. अशा आजारात आईबाप स्वतः धडधाकट असतात आणि नात्यातील लग्नाने धोका खरोखर वाढतो. म्हणजे रात्री न दिसणे तेच, पडद्यावरचे ठिपके तेच, विकरांचे कामही जवळपास एकाच जातीचे. पण एका घराला सांगायचे की निम्म्या मुलांना होऊ शकते आणि दुसऱ्या घराला सांगायचे की पुढच्या पिढीत मामेबहिणीशी लग्न टाळा. आरपीला कारण होणारी 80 हून अधिक जनुके आतापर्यंत माहीत झाली आहेत. नाव न कळता दिलेला सल्ला एका घराला उगाच घाबरवतो आणि दुसऱ्याला गाफील ठेवतो.

यात एक धोका आहे आणि तो मी लपवत नाही. उद्या हे अहवाल लग्नाच्या बायोडाटाला जोडा असे लोक म्हणू लागतील. माझा त्याला ठाम विरोध आहे. माझ्या स्वतःच्या मुलीने अजून तपासणी केलेली नाही. ती वीस वर्षांची आहे, करायची की नाही हे ती ठरवेल, आणि तिला तो विचार करायला लागेल तेवढा वेळ आहे. आमच्याकडे येणाऱ्या कुठल्याही स्थळाने तो अहवाल मागायचा नाही.

आरपी दुर्मीळ आहे म्हणून वर्तमानपत्रात जागा कशाला, असे आपणास वाटेल. जगभरात साधारण 4 हजारांत एक असे प्रमाण सांगतात. नागपूर परिसरातील खेड्यांत तिशीपुढच्या माणसांची तपासणी झाली त्यात मात्र ते सुमारे 750 मागे एक निघाले. त्या हिशेबाने आपल्या प्रत्येक मोठ्या गावात अशी चार-पाच माणसे असणार. ती संध्याकाळनंतर घराबाहेर पडत नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

या माणसांनी काय करावे, हे आपल्या सदरात यायला हवे होते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. आरपीत मोतीबिंदू लवकर येतो, तो काढता येतो आणि नजर थोडी उजळते; 'तुझा पडदाच खराब, आता काय उपयोग' म्हणून तो तसाच राहू देऊ नये. पडद्याच्या मध्यभागी कधी पाणी साठून सूज येते, तिच्यावरही उपचार असतात. आणि जीवनसत्त्व अ च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. पडद्याच्या काही आनुवंशिक आजारांत, उदाहरणार्थ एबीसीए4 जनुक बिघडलेले असेल तर, त्या गोळ्या अपायच करू शकतात. कुठले जनुक ते माहीत नसताना गोळी घेणे म्हणूनच बरे नव्हे. आहारातील गाजर खुशाल खावे.

दुसरी गोष्ट अपंगत्वाच्या दाखल्याची, आणि इथे मला राग येतो. यजमान दाखल्यासाठी एका सरकारी रुग्णालयात गेले. भिंतीवरचा तक्ता त्यांनी जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, कारण त्यांची मधली नजर अजून शाबूत आहे. तपासणाऱ्यांनी 'चांगले दिसते की तुम्हाला' म्हणून कागद परत दिला. बाहेर येताना यजमान दाराशी ठेवलेल्या बाकड्याला अडखळून पडले, आणि तेही त्याच माणसांसमोर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अगदी स्पष्ट लिहिले आहे: नजरेचा पसारा 40 अंशांपेक्षा कमी, 10 अंशांपर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी, आणि 10 अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्व. तक्ता कितव्या ओळीपर्यंत वाचता येतो याच्याशी या वाक्याचा संबंध नाही. निरोगी माणसाला दोन डोळ्यांनी आडवे सुमारे 180 अंश दिसते. यजमानांना त्या वेळी 15 सुद्धा नव्हते. पसारा मोजण्याचे यंत्र तिथे नव्हते, आणि ज्या मोठ्या रुग्णालयात आहे तिथे जा, असे सांगायलाही कुणी नव्हते. दाखला पुढे मिळाला, पण तो आम्हाला कायद्याचे कलम छापून नेता आले म्हणून मिळाला. हे प्रत्येकाला कसे जमावे? जिल्ह्याच्या शिबिराची बातमी आपण छापता तेव्हा त्या दिवशी फील्ड टेस्टचे यंत्र असेल की नाही, एवढे एक वाक्य विचारून छापले तर लोकांचे हेलपाटे वाचतील.

तिसरी विनंती थोडी अवघड आहे. ज्या दिवशी ते सदर आले, त्याच अंकात आतल्या पानावर 'रातांधळेपणा, काचबिंदू, अंधत्व मुळापासून बरे' अशी जाहिरात होती. 1954 चा औषधे आणि जादुई उपाय कायदा अशा जाहिरातींसाठीच केलेला आहे, आणि त्याच्या परिशिष्टात दिलेल्या आजारांच्या यादीत अंधत्व आहे. माझ्या यजमानांच्या चुलतभावाने अशाच एका जाहिरातीवरून 'स्टेम सेल'चे, म्हणजे मूळ पेशींचे इंजेक्शन घ्यायला म्हैस विकायची तयारी केली होती. अमेरिकेत फ्लोरिडातील एका दवाखान्यात चरबीतून काढलेल्या अशा पेशी डोळ्यांत टोचल्यावर तीन स्त्रियांची नजर जवळजवळ गेली, हे 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, बाकी सारे फक्त संशोधनाच्या चौकटीत. अशा संशोधनात रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. म्हैस वाचली, कारण त्याच्या मुलीने मला आधी फोन केला. जाहिरातीचे पैसे वर्तमानपत्राला लागतात हे मला समजते, वाचनालयाची वर्गणी मीच गोळा करते. तरीही आंधळ्या होत चाललेल्या माणसाच्या भीतीवर चालणारी ही जाहिरात आपण छापू नये, असे मी हात जोडून सांगते.

पुढच्या एखाद्या रविवारी या दुसऱ्या रातांधळेपणावर कुणा नेत्रपटलतज्ज्ञाकडून लेख लिहून घ्यावा. त्यात रातांधळेपणाबरोबर आरपी हे नावही ठळक यावे, म्हणजे वाचणाऱ्याला डॉक्टरांना नेमके काय विचारायचे ते कळेल. लेखासोबत खरा अहवाल कसा दिसतो आणि त्यातील कुठली ओळ वाचायची हे दाखवायचे असेल, तर आमच्या घरचा अहवाल नावे झाकून छापायला यजमानांची आणि सासूबाईंची संमती आहे. त्याची छायाप्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल, ता. वाळवा, जि. सांगली